क्वायरच्या मुलांची कैवारी : मारिया हॅकेट



शाळेच्या आठवणी या स्मरणिकेत तुम्ही सगळे लिहिणारच आहात, आणि त्या माझ्यापेक्षा चांगल्या लिहाल. म्हणून मी थोडी वेगळी वाट धरते. नोकरीनिमित्त लंडनला आल्यापासून मला एका बाईच्या चरित्राने वेड लावले आहे. तिचे नाव ज्या शाळेशी कायमचे जोडले गेले, त्या शाळेच्या पटावर ती कधीच नव्हती. ती तिथे शिकली नाही, शिकवायलाही नव्हती. पण दोनशे वर्षांपूर्वी तिथल्या मुलांना शाळा मिळावी म्हणून ती आयुष्यभर भांडली. तिचे नाव मारिया हॅकेट. इंग्लंडमध्ये चर्चसंगीताशी ज्यांचा संबंध आहे, ते तिला क्वायरच्या मुलांची सखी म्हणून ओळखतात.

आधी हे क्वायर म्हणजे काय ते सांगायला हवे. अँग्लिकन पंथाच्या मोठ्या चर्चला, जिथे बिशपचे आसन असते त्याला, कॅथेड्रल म्हणतात. तिथली रोजची प्रार्थना गाऊन करण्याची परंपरा फार जुनी आहे. वेदीच्या अलीकडे दोन बाजूंना समोरासमोर बाके असतात. त्यांवर पुढे लहान मुले आणि मागे मोठी माणसे उभी राहतात. वरची पट्टी मुलांची, खालच्या पट्ट्या पुरुषांच्या. स्तोत्राची एक ओवी या बाजूने, पुढची त्या बाजूने, असे आळीपाळीने गायन चालते. आपल्याकडे भजनात दोन्ही बाजूंचे टाळकरी एकमेकांकडून चरण उचलतात, तसेच काहीसे. बायबलच्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत. प्रार्थनाग्रंथात ती महिन्याच्या ३० दिवसांत सकाळ-संध्याकाळ अशी वाटून दिली आहेत. म्हणजे दोन्ही वेळा गाणारे क्वायर महिन्याला सगळी स्तोत्रसंहिता एकदा गाऊन संपवते. संध्याकाळच्या या प्रार्थनेला इव्हनसाँग म्हणतात. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये ती आजही ऐकायला मिळते. तिला तिकीट नाही आणि धर्म कोणी विचारत नाही. भल्यामोठ्या घुमटाखाली ते कोवळे आवाज वर चढतात, तेव्हा भाषा न कळणारा माणूसही गप्प होतो.

प्रश्न असा, की हे आवाज ज्यांचे, त्या मुलांचे काय? आठव्या-नवव्या वर्षी मूल क्वायरमध्ये येते. चौदा-पंधराव्या वर्षी आवाज फुटतो आणि त्याची जागा संपते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या मधल्या वर्षांत त्याला गाण्याखेरीज फारसे काही शिकवले जात नसे. जॉन गॉस हा पुढे सेंट पॉल्सचा ऑर्गनवादक झालेला संगीतकार लहानपणी राजाच्या चॅपेल रॉयलमध्ये गायचा. आठवड्यातले दोन दिवस, बुधवारी आणि शनिवारी, दुपारचा दीड तास लेखनमास्तर येत. लिहिणे, वाचणे, हिशेब, व्याकरण हे सगळे तेवढ्यात उरकायचे, असे त्याने उतारवयात सांगून ठेवले आहे. ही दशा राजाच्या चॅपेलमधली.

सेंट पॉल्समध्येही चित्र वाईटच होते. तिथे तेव्हा अवघी आठ मुले होती. प्रार्थना झाली की त्यांच्याकडे लक्ष द्यायला कोणी नसे. संध्याकाळी त्यांना शहरातल्या मैफलींत आणि मेजवान्यांत पैसे घेऊन गायला पाठवत. रात्री उशिरा ती पोरे लंडनच्या रस्त्यांवरून घरी परतत. मुले देवाच्या सेवेत आहेत म्हटल्यावर त्यांची काळजी कोणीतरी घेतच असेल, असे सगळे धरून चालले होते.

मारिया हॅकेटने ते धरून चालायचे नाकारले. तिचा जन्म १४ नोव्हेंबर १७८३ चा, बर्मिंगहॅमचा. ती वाढली आणि राहिली मात्र लंडनच्या जुन्या भागात, क्रॉस्बी स्क्वेअरमध्ये. १८१० मध्ये तिच्या नात्यातला हेन्री विंटल हा पोरका मुलगा सेंट पॉल्सच्या क्वायरमध्ये दाखल झाला. त्याच्यामुळे तिला आतली परिस्थिती समजली. तेव्हा ती सव्वीस-सत्तावीस वर्षांची होती. बाईला त्या देशात मत नव्हते, विद्यापीठात प्रवेश नव्हता आणि चर्चच्या कारभारात तर उभे राहायलाही जागा नव्हती. तक्रार करायची तर कशाच्या जोरावर?

तिने जोर शोधला तो जुन्या कागदांत. कॅथेड्रलचे मध्ययुगीन नियम, देणग्यांची पत्रे, मृत्युपत्रे यांचा तिने अभ्यास मांडला. त्यातून बाहेर आले ते असे. कॅथेड्रलमध्ये अल्मनर नावाचा एक अधिकारी असे. शिवकालातल्या दानाध्यक्षाशी त्याचे थोडे साम्य दाखवता येईल. क्वायरच्या मुलांना घरात ठेवणे, जेवूखाऊ घालणे आणि शिकवणे हे त्याचे काम होते, आणि त्यासाठी पूर्वजांनी उत्पन्ने लावून दिली होती. व्याकरणशाळेची जबाबदारी चॅन्सलर या दुसऱ्या अधिकाऱ्यावर होती. पदे अजून होती, पदांची उत्पन्ने चालू होती. त्यांच्याबरोबरचे कर्तव्य तेवढे विसरले गेले होते. जुने कॅथेड्रल १६६६ च्या आगीत जळून गेले आणि त्या जागी क्रिस्टोफर रेनने नवे उभारले. पण मुलांचे हक्क काही त्या आगीत जळाले नव्हते.

१८११ पासून तिने लंडनच्या बिशपना, डीनना आणि चॅप्टरच्या सभासदांना पत्रे लिहायला सुरुवात केली. पत्रांची भाषा अत्यंत अदबीची असे, पण प्रत्येक मागणीपाठी एखादे कलम किंवा एखादी जुनी नोंद उभी असे. ती मेहेरबानी मागत नव्हती. तुमच्याच दप्तरात जे लिहिले आहे ते पाळा, एवढेच तिचे म्हणणे होते. पुष्कळ पत्रांना उत्तर आले नाही. तेव्हा तिने तो पत्रव्यवहार आणि पुरावे छापून काढले. १८२७ मध्ये तर अल्मनरच्या कचेरीची जुनी लॅटिन नोंदवहीही तिने प्रसिद्ध केली. कागद एकदा छापला गेला की तो दडवता येत नाही, हे तिला पक्के ठाऊक होते.

प्रकरण चॅन्सरी न्यायालयापर्यंत गेले. पण एका निकालात सारे पालटले, असे काही झाले नाही. सुधारणा तुकड्यातुकड्यांनी आली. कुठे मुलांच्या राहण्याची सोय झाली, कुठे शिकवणीचे तास वाढले. मुलांना मैफलींना पाठवण्याची प्रथा तर लगेच थांबलीच नाही. दुसरे कोणी असते तर थकले असते. हिने उलट आपले काम वाढवले. सेंट पॉल्समध्ये हे असे, तर बाकीच्या कॅथेड्रलांत काय असेल, असा विचार करून ती निघाली.

मला तिच्या आयुष्याचा सगळ्यात मोठा भाग हाच वाटतो. सुमारे पन्नास वर्षे ती इंग्लंड-वेल्समधल्या कॅथेड्रलांच्या फेऱ्या करत राहिली. साधारण तीन वर्षांत एक फेरी पुरी व्हायची, की पुढची सुरू. सुरुवातीच्या काळात रेल्वे नव्हती. घोड्यांच्या टपालगाडीतून खडखडत जायचे. प्रत्येक ठिकाणी ती क्वायरच्या मुलांना भेटे. कोण शिकवते, काय शिकवतात, आवाज फुटल्यावर मुलांचे पुढे काय होते, हे विचारून घेई. निघताना प्रत्येक मुलाला एक पुस्तक आणि एक नवा कोरा शिलिंग देई. या माहितीच्या आधारे तिने निरनिराळ्या कॅथेड्रल-शाळांचे नियम आणि उत्पन्ने यांचा गोषवारा देणारे पुस्तकही काढले. आता तिच्या पत्रांची धास्ती एकाच डीनला नव्हती. पुढच्या फेरीला या बाई पुन्हा येणार आणि मागच्या वेळचे सगळे त्यांच्या लक्षात असणार, हे ठिकठिकाणच्या कारभाऱ्यांना कळून चुकले होते.

शाळा तपासायला साहेब येणार म्हटले की आपल्याकडे काय धांदल उडायची, ते आठवा. साहेबांच्या पाठीशी सरकार तरी होते. या बाईला कोणी नेमले नव्हते, तिच्या हाती शिक्का नव्हता. तरी ती येत राहिली.

मुलांच्या प्रश्नाइतकीच तिला त्यांच्या संगीताचीही काळजी होती. १८३१ मध्ये तिने चर्चसाठी रचलेल्या उत्तम नव्या संगीताला ग्रेशम पदक ठेवले. १८३३ मध्ये ते जॉन गॉसला मिळाले. हा तोच गॉस, जो लहानपणी आठवड्यातल्या दोन दुपारी अक्षरे गिरवत होता. त्याच स्पर्धेत सॅम्युअल सेबॅस्टियन वेस्ली या तरुण ऑर्गनवादकाची रचना परीक्षकांनी नाकारली. आज वेस्लीची ती रचना, ‘द विल्डरनेस’, कॅथेड्रल-संगीतातली महत्त्वाची कृती मानली जाते. पदकामागचा हेतू कितीही चांगला असला तरी परीक्षकांचे कान जुन्या वळणाचे होते, एवढाच याचा अर्थ. आपल्या स्नेहसंमेलनांच्या निकालांबद्दल ज्यांच्या मनात अजून अढी आहे, त्यांनी वेस्लीचे उदाहरण ध्यानात ठेवावे!

तिच्या घराशेजारीच क्रॉस्बी हॉल हा पंधराव्या शतकातल्या एका धनिक व्यापाऱ्याचा वाडा होता. तो पडझडीला येऊन नामशेष व्हायच्या बेतात होता. १८३० च्या दशकात तो वाचवण्याच्या खटपटीत ती पुढे होती. पुढे १९१० मध्ये ती वास्तू दगडादगडाने उचलून चेल्सी भागात नेऊन उभी केली. आजही ती तिथे पाहायला मिळते. जुन्या गोष्टी टाकून देण्याआधी त्यांत काय लिहिले आहे ते वाचावे, हा तिचा स्वभावच होता.

सेंट पॉल्समध्ये खरा पालट व्हायला १८७० चे दशक उजाडावे लागले. १८७२ मध्ये गॉस निवृत्त झाला आणि त्याच्या जागी जॉन स्टेनर आला. तोही लहानपणी याच क्वायरमध्ये गायलेला. त्याच्या काळात मुलांची संख्या अनेक पटींनी वाढली, तालमींना शिस्त आली आणि कॅथेड्रलजवळच्या कार्टर लेनमध्ये मुलांनी राहून शिकावे अशी खास शाळा बांधायला घेतली. ती उभी राहत असतानाच, ५ नोव्हेंबर १८७४ रोजी, एक्क्याण्णवाव्या वाढदिवसाला थोडेच दिवस उरले असताना मारिया हॅकेट वारली. पहिल्या पत्रापासून या शाळेपर्यंत त्रेसष्ट वर्षे गेली होती. कॅथेड्रलच्या तळघरात, मोठमोठ्या सेनापतींच्या आणि कलावंतांच्या सोबतीने, तिचेही स्मारक आहे.

या कथेचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. चर्चगेट हे नाव ज्या चर्चवरून पडले, ते सेंट थॉमस कॅथेड्रल फोर्टमध्ये आहे. तिथे गाणारी मुले मिळावीत म्हणून १८६० मध्ये बिशप हार्डिंग यांनी एक शाळा काढली. तीच वाढत जाऊन पुढे कॅथेड्रल अँड जॉन कॉनन स्कूल झाली. मारिया हॅकेट हयात होती तेव्हाची ही गोष्ट. मुंबईच्या शाळेशी तिचा थेट संबंध होता, असे मी म्हणत नाही. पण ज्याला गायला बोलवायचे त्याला शिकवायलाही हवे, ही कल्पना तोवर रुळली होती, आणि ती रुळवण्यात तिचा वाटा मोठा होता. तिची फेरी मुलांपुरतीच राहिली, कारण क्वायरमध्ये मुलीच नव्हत्या. सॉल्सबरी कॅथेड्रलने मुलींचे स्वतंत्र क्वायर सुरू केले ते १९९१ मध्ये.

तिने सूर लावला नाही, राग बांधला नाही, वर्गावर उभी राहिली नाही. एखाद्या संस्थेने मुलांना दिलेला शब्द कागदावर शोधायचा आणि तो पाळला जाईपर्यंत पुन्हा पुन्हा दारात उभे राहायचे, एवढेच तिने केले. आज आपण माजी विद्यार्थी म्हणून एकत्र येतो, निधी जमवतो, नव्या वर्गखोलीवर पाटी लावतो. ते चांगलेच आहे. त्याबरोबर अधूनमधून वर्गात डोकावून, आज बाकावर बसलेल्या पोराला काय मिळते आहे, एवढे विचारत राहिलो तर ते अधिक टिकेल, असे मला वाटते. आणि एकदा विचारून थांबू नये. तीन वर्षांनी पुन्हा विचारावे.