मेकॅनिकलचा विद्यार्थी, धरणाचा विरोधक

आमचं निमगाव सावा जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागात. पलीकडचा तालुका पारनेर. म्हणून सेनापती बापट म्हटलं की आमच्याकडची म्हातारी माणसं ते जणू शेजारच्या वाडीतलेच असल्यासारखं बोलतात. इकडे कॉलेजात मात्र दहा जणांना विचारलं तर आठ जण सांगतात, पुण्यातला रोड! हा रोडवाला माणूस आपल्यासारखाच इंजिनियरिंगला गेला होता, आणि पुढे एका वीज प्रकल्पाविरुद्ध तीन वर्षं लढला, हे फार कोणाला माहीत नसतं. अंकासाठी स्वच्छ ऊर्जेवर काहीतरी लिही असं सरांनी सांगितलं, तेव्हा मला सोलर पॅनेलच्या आधी हेच आठवले.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० चा, पारनेरचा. घरची परिस्थिती बेताची, डोकं मात्र तल्लख. डेक्कन कॉलेजातून बी.ए. झाले आणि मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून १९०४ मध्ये थेट एडिंबरोला मेकॅनिकल इंजिनियरिंग शिकायला गेले. त्या काळी पारनेरहून स्कॉटलंड! आपण पुण्याला येताना ट्रंक, गादी आणि आईने दिलेला डबा घेऊन येतो तरी दोन दिवस करमत नाही.

तिकडे त्यांनी ब्रिटिशांच्या हिंदुस्थानातल्या कारभारावर जाहीर टीका केली आणि शिष्यवृत्ती गेली. इंजिनियरिंग मागे पडलं. लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये श्यामजी कृष्णवर्मा, सावरकर यांच्याशी संबंध आला. मग पॅरिसला जाऊन हेमचंद्र दास यांच्याबरोबर रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्ब बनवण्याची विद्या घेतली आणि १९०८ मध्ये ती माहिती घेऊन परत आले. त्याच वर्षी अलीपूरचा खटला उभा राहिला, माफीच्या साक्षीदाराने बापटांचं नाव घेतलं, आणि हे चार वर्षं भूमिगत. १९१२ मध्ये पकडले गेले, पण पुराव्याअभावी सुटले. हा भाग एखाद्या सिनेमासारखा आहे, पण मला त्यात फार रमायचं नाही. पारनेरला परतल्यावर ते हातात झाडू घेऊन गाव झाडायचे, आणि १९१४ मध्ये मुलाच्या बारशाला पहिली पंगत त्यांनी अस्पृश्य मानलेल्यांची बसवली. मला हे बॉम्बपेक्षा अवघड वाटतं. गावात राहून गावाच्या विरुद्ध वागणं म्हणजे काय, ते गावाकडून आलेल्यांना सांगायला नको.

आता मुळशी. आधी थोडी विजेची बाजू बघू, नाहीतर गोष्ट एकतर्फी होईल. मुंबईच्या गिरण्या तेव्हा कोळशावर चालायच्या. कोळसा लांबून आणायचा आणि धूर सगळा शहरावर. हा धूर इतका झाला की मुंबई सरकारला १९१२ मध्ये धुराविरुद्ध खास कायदा करावा लागला. म्हणजे राज्य पातळीवरचं प्रदूषण धोरण ही काही काल-परवाची गोष्ट नाही. त्यावर उपाय जमशेटजी टाटांच्या डोक्यात आधीपासून होता: सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस अडवायचा आणि कोकणात सोडायचा. जमशेटजी १९०४ मध्येच गेले, पण १९१० मध्ये कंपनी निघाली आणि १९१५ मध्ये खोपोलीचं पॉवरहाऊस चालू झालं. १९२२ मध्ये भिवपुरी आलं. गणित साधं आहे. सेकंदाला एक घनमीटर पाणी ५०० मीटर खाली सोडलं तर ९.८१ गुणिले ५००, म्हणजे साधारण ४.९ मेगावॅट. लॉसेस धरले तरी चार मेगावॅटच्या वर हातात येतात, आणि धूर शून्य. आपल्या घाटाएवढा हेड फुकटात मिळत असेल तर कुठल्या इंजिनियरला मोह होणार नाही?

तिसरा प्रकल्प मुळशीचा. मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचं, पाणी डोंगरातून पलीकडे नेऊन भिऱ्याला पाडायचं. फक्त त्या खोऱ्यात माणसं राहत होती. ५० च्या आसपास गावं, १० हजारांवर माणसं, आणि मावळातली उत्तम भातखाचरं. सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा लावून ही जमीन कंपनीसाठी घ्यायचं ठरवलं. शेतकऱ्याला विचारण्याची पद्धत त्या कायद्यात नव्हतीच. नोटीस यायची आणि भावाचं बोलणं व्हायचं, बास.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. मावळे, बायाबापड्या धरणाच्या कामावर जाऊन बसल्या. काम थांबलं. पुढारी होते बापट आणि विनायकराव भुस्कुटे. कंपनीने सहा महिने काम थांबवलं आणि मग पुन्हा सुरू केलं. पुन्हा सत्याग्रह, पुन्हा अटका. बापट तुरुंगात जायचे, सुटले की परत मुळशीत. सेनापती ही पदवी त्यांना इथेच मिळाली.

हा लढा हरला, आणि का हरला हे बघण्यासारखं आहे. बऱ्याचशा जमिनी कागदावर पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. कसणारा मावळा म्हणत होता जमीन नाही सोडणार. सावकाराला मोबदला चांगला मिळाला तर जमीन गेल्याचं दुःख कशाला होईल? सात-बारावर नाव एकाचं आणि घाम दुसऱ्याचा, अशी फूट पडल्यावर सत्याग्रह किती टिकणार! १९२४ पर्यंत तो जवळजवळ संपला. तेव्हा बापटांनी मोजके साथीदार आणि हत्यारं घेऊन प्रकल्पाची रेल्वेगाडी अडवली. सात वर्षांची शिक्षा झाली. माझं मत विचाराल तर इथे त्यांचं चुकलं. गाडी चालवणारा बिचारा नोकर माणूस, त्याने कोणाची जमीन घेतली होती? पण तीन वर्षं शांतपणे बसून काहीच हाती न लागल्यावर माणूस कुठवर जातो, तेही दिसतं.

ते तुरुंगात असतानाच १९२७ मध्ये भिऱ्याला वीज तयार व्हायला लागली. आज भिऱ्याची क्षमता ३०० मेगावॅट आहे, त्यातलं १५० चं युनिट पंप्ड स्टोरेजचं, म्हणजे वापरलेलं पाणी पुन्हा वर चढवणारं. कार्बनचा हिशेब मांडला तर मुंबईसाठी ही जुनी आणि स्वच्छ वीज आहे. खोरं मात्र बुडालं ते बुडालंच. शिवाय भीमेकडे जाणारं पाणी कोकणात वळलं. पावसाळा चुकला की पुणे-सोलापूरकडून या पाण्याची मागणी निघते.

हे आज लिहिण्याचं कारण असं की तोच विषय परत आलाय. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात शिरवता येथे १८०० आणि भिवपुरीला १००० मेगावॅटच्या पंप्ड स्टोरेजचा करार झाला. दिवसा सोलर जास्त होतं, ते साठवायचं तर घाट लागतोच. दुसरीकडे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. २०१७ मध्ये ती आली तेव्हा पहिल्या प्रायोगिक जागांमध्ये राळेगणसिद्धी होतं, बापटांच्याच पारनेर तालुक्यातलं. २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात जमीन विकत न घेता भाड्याने घ्यायची सोय आहे, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, दरवर्षी ३ टक्के वाढ. नाव शेतकऱ्याचंच राहतं. १८९४ च्या कायद्याशेजारी हे ठेवून बघा, फरक कळेल. गायरानावर पॅनेल बसवताना मात्र मेंढपाळाला कोण विचारतं, हा प्रश्न शिल्लक आहे. सात-बारावर नाव नसलेला माणूस इथेही आहेच.

आमच्याकडे या दिवसाच्या विजेची वाट बघणारे खूप आहेत. रात्रीची थ्री फेज असली की कांद्याला पाणी भरायला बॅटरी आणि काठी घेऊन जावं लागतं, आणि जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या असतो हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. आमचा ऊस आणि कांदा उभा आहे तो कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर. पण याच प्रकल्पातल्या डिंभे धरणाखाली जुनं आंबेगाव गेलं, आदिवासी वाड्या उठल्या. त्यामुळे बापटांबद्दल वाचताना मला कुठल्या बाजूला बसावं ते पटकन ठरवता येत नाही. पाणी पिणारे आम्हीच ना!

१९३१ मध्ये सुटल्यावरही बापट स्वस्थ बसले नाहीत. पुन्हा भाषणं, पुन्हा तुरुंग. १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात तिरंगा त्यांच्या हस्ते चढला. पुढे गोवा मुक्ती आणि संयुक्त महाराष्ट्र, दोन्हीकडे वयाची पंच्याहत्तरी आली तरी ते पुढेच. २८ नोव्हेंबर १९६७ ला ते गेले.

आणि हो, रोड फक्त पुण्यात नाही. मुंबईतही सेनापती बापट मार्ग आहे. माहीम, दादरवरून तो लोअर परळकडे जातो, म्हणजे ज्या गिरण्यांना घाटावरची वीज पुरवायची होती, त्या गिरणगावातूनच.