संशोधनापासून शाळेपर्यंत : जे. पी. नाईक यांचे जीवनकार्य

जयंत पांडुरंग नाईक यांचे नाव १९६४-६६ च्या शिक्षण आयोगाशी कायमचे जोडले गेले आहे. तथापि त्यांच्या शिक्षणविचाराची जडणघडण त्यापूर्वीच खेड्यात झाली होती. ५ सप्टेंबर १९०७ रोजी तत्कालीन कोल्हापूर संस्थानातील बहिरेवाडी या गावी त्यांचा जन्म झाला. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत कारावास भोगल्यानंतर त्यांनी धारवाड जिल्ह्यातील उप्पिन बेटगेरी येथे ग्रामसेवेचे कार्य केले. शिक्षणाचा प्रश्न ग्रामजीवनाच्या इतर प्रश्नांपासून तोडून सोडविता येत नाही, ही दृष्टी त्यांच्या पुढील सर्व कार्यात दिसते.

नाईक हे मूलतः अभ्यासक होते. सय्यद नूरुल्ला यांच्या सहकार्याने त्यांनी लिहिलेला ब्रिटिशकालीन भारतीय शिक्षणाचा इतिहास १९४३ साली प्रसिद्ध झाला. १९४८ मध्ये त्यांनी मुंबईत भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे ती पुण्यास आली. एकीकडे शिक्षणशास्त्रातील संशोधनाची ही संस्था आणि दुसरीकडे कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटी येथे ग्रामीण शिक्षणासाठी उभे राहिलेले मौनी विद्यापीठ, अशा दोन्ही ठिकाणी त्यांचे परिश्रम खर्ची पडले. ग्रंथालय आणि खेडे यांमध्ये येरझारा घालणारा असा अभ्यासक विरळाच.

डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाचे नाईक हे सदस्य-सचिव होते. १९६६ साली सादर झालेल्या अहवालाने एका दुखण्यावर नेमके बोट ठेवले. शिक्षकांना घडविणाऱ्या संस्था विद्यापीठांच्या विद्याजीवनापासून अलग पडल्या होत्या, शाळांपासूनही दुरावल्या होत्या आणि एकमेकींशीही त्यांचा संबंध उरला नव्हता. अशा स्थितीत संशोधन प्रबंधातच राहणार आणि शिक्षक जुन्याच वाटेने चालणार, हे उघड होते. म्हणून निवडक विद्यापीठांत शिक्षणशास्त्राची विद्यालये काढावीत, प्रत्येक प्रशिक्षणसंस्थेत विस्तारसेवेचा विभाग असावा आणि माध्यमिक शाळेभोवती परिसरातील प्राथमिक शाळांचा संकुल-रूपाने मेळ घालावा, अशा शिफारशी आयोगाने केल्या. ज्ञान शिक्षकापर्यंत पोहोचावयाचे, तर त्यासाठी कायमची व्यवस्था हवी, हे या तिन्हींचे मर्म होय.

१९६९ साली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली, तेव्हा तिचे सदस्य-सचिवपदही नाईक यांच्याकडे आले. समता, गुणवत्ता आणि संख्यावाढ ही तीन उद्दिष्टे एकाच वेळी साधणे किती दुर्घट आहे, याचे विवेचन त्यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात केले.

तथापि त्यांच्या थोरवीचा खरा प्रत्यय अखेरच्या लेखनात येतो. ३० ऑगस्ट १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. आयोगानंतरच्या काळाचा त्यांनी घेतलेला आढावा १९८२ मध्ये प्रकाशित झाला. ज्या अहवालासाठी आपण झिजलो, त्यातील कोणत्या शिफारशी अमलात आल्या, कोणत्या बाजूस पडल्या आणि का, याची त्यांनी तटस्थपणे छाननी केली. अहवाल सादर झाला की अभ्यासकाचे काम संपले, असे त्यांनी मानले नाही.

शाळा-संकुलाची कल्पना आणि शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्चाचे उद्दिष्ट, या दोन्हींचा २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणास पुन्हा उच्चार करावा लागला. अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर तेच सांगावे लागणे, हा विद्यापीठांना मिळालेला इशारा आहे. प्रबंधांची संख्या मोजणे सोपे असते. आपल्या संशोधनाचे शाळेत पुढे काय झाले, हे पाहण्यासाठी मात्र नाईकांप्रमाणे शाळेपर्यंत परत जावे लागते.