पान उलटायला लावणारा माणूस

मैत्रिणींनो, पेणला काय किंवा रोह्याला काय, बचत गटाची बैठक आटोपली, हिशेबाची वही मिटली, की हल्ली एक मागणी हमखास होते. नवीन एखादं रहस्याचं, थरारक पुस्तक सुचवा, अशी. मला याचा फार आनंद होतो. नावं सुचवणारच आहे, पण त्याआधी एका माणसाची ओळख करून द्यायला हवी. मराठी घराघरांत रहस्यकथेची गोडी ज्यांनी लावली, ते बाबूराव अर्नाळकर.

त्यांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. अर्नाळा हे विरारजवळचं समुद्रकाठचं गाव, तिथल्या जलदुर्गामुळे ओळखलं जाणारं. या गावाच्या नावावरून त्यांनी लेखनासाठी अर्नाळकर हे नाव घेतलं आणि पुढे ते इतकं रुजलं, की चव्हाण कुणाला आठवेनासे झाले. जन्म विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला. त्या काळात मराठीत कादंबरी म्हटली की एक तर ऐतिहासिक, नाही तर सामाजिक. चोर-पोलीस, गुप्तहेर असल्या गोष्टी म्हणजे फावल्या वेळेचा चाळा, अशीच शिकल्या-सवरल्या लोकांची समजूत. बाबूरावांनी नेमकी तीच वाट धरली.

आणि धरली म्हणजे कशी! गिनेस बुकात त्यांची नोंद झाली, ती 1936 ते 1984 या काळात लिहिलेल्या 1,092 छोट्या रहस्यकथांसाठी. जरा हिशेब करून बघा. अठ्ठेचाळीस वर्षांत एवढी पुस्तकं म्हणजे महिन्याला जवळजवळ दोन! जगभर गाजलेल्या अगाथा ख्रिस्तीबाईंच्या रहस्य कादंबऱ्या 66. दोघांची बरोबरी मला करायची नाही. बाईंची एकेक कादंबरी मोठी, घोळून घोळून रचलेली. बाबूरावांची पुस्तकं बारकी, एका बैठकीत संपणारी. पण इतकी वर्षं सातत्याने लिहीत राहायचं म्हणजे काय बैठक लागत असेल, हे रोज दोन वेळचा स्वयंपाक न चुकता करणाऱ्या आपल्याला वेगळं सांगायला नको.

इंग्रजी रहस्यकथांचा त्यांनी भरपूर आधार घेतला, हे काही लपून राहिलेलं नाही. पण त्यांची माणसं मात्र मराठी मातीतली वाटत. बुद्धीच्या जोरावर गुन्हा उकलणारा धनंजय आणि त्याचा जोडीदार छोटू. अन्यायाविरुद्ध स्वतःच्या पद्धतीने उभा राहणारा धाडसी झुंजार. आणि रात्रीच्या अंधारात येऊन पोलिसांना चकवणारा काळापहाड. आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या कुणाही वाचकासमोर ही नावं घ्या, चेहरा कसा उजळतो ते बघा!

भाषा अगदी सोपी. वर्णनांचा पाल्हाळ नाही, जड शब्द नाहीत. पहिल्या दोन पानांत काहीतरी घडतं आणि मग पुढे काय झालं, या एकाच ओढीने माणूस शेवटापर्यंत जातो. पुस्तकं स्वस्त असत. भाड्याने पुस्तकं देणाऱ्या छोट्या वाचनालयांतून ती हातोहात फिरत, आणि एकाने आणलेलं पुस्तक अख्खी आळी वाचून काढी. गिरणीतला कामगार, दुकानातला नोकर, शाळकरी मुलगा आणि माजघरातली बाईसुद्धा त्यांची वाचक होती.

या माजघरातल्या बाईबद्दल मला मुद्दाम सांगायचंय. माझ्या सासूबाई रोह्याच्या. पाचवीत शाळा सुटली, मग लग्न, मुलंबाळं, गोठा. त्यांच्या बरोबरीच्या कित्येकींचं वाचन तिथेच संपलं, सासूबाईंचं टिकलं ते अर्नाळकरांमुळे. पुरुषांची जेवणं झाली की चुलीच्या उजेडात चार पानं आणि उरलेली दुसऱ्या दिवशी. बारकं पुस्तक तांदळाच्या डब्यामागे सहज मावायचं. आज त्या वर्तमानपत्र वाचतात, बँकेचा कागद वाचल्याशिवाय सही करत नाहीत.

गटाचं काम करताना मला उलट चित्रही दिसतं. सातवी-आठवी झालेली बाई असते, गणपतीच्या कारखान्यात सफाईने रंगकाम करते, पापडाच्या ऑर्डरी सांभाळते. पण कर्जाचा अर्ज समोर आला की तो मुकाट्याने माझ्याकडे सरकवते. तिला अक्षरं येत होती हो, वापराविना गंजली! अशा बाईच्या हातात आपण काय देतो? आरोग्याची पत्रकं, योजनांची माहिती, उपदेशाची पुस्तकं. ती चांगलीच असतात, पण पान उलटावंसं वाटायला हवं ना? बाबूरावांना नेमकं तेच साधलं होतं. म्हणूनच त्यांचं काम मला करमणुकीपेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

5 जुलै 1996 रोजी बाबूराव गेले. लाखो वाचकांनी डोक्यावर घेतलेल्या या लेखकाला साहित्याच्या मोठ्या चर्चांत मात्र फारशी जागा मिळाली नाही. त्यांची कितीतरी पुस्तकं हाताळून फाटली, उरलेली रद्दीत गेली. अलीकडे काही निवडक कथा पुन्हा छापल्या गेल्या, तेवढाच दिलासा. तुमच्या माळ्यावर जुन्या ट्रंकेत एखादा झुंजार किंवा धनंजय सापडला, तर कृपा करून तो रद्दीवाल्याला देऊ नका. गावच्या वाचनालयात नेऊन द्या.

आता तुम्हाला हवी असलेली नावं. अर्नाळकरांनंतर गुरुनाथ नाईकांनी ही वाट पुढे नेली. सुहास शिरवळकरांचे अमर विश्वास, फिरोज इराणी आणि मंदार पटवर्धन अजूनही ताजे वाटतात. आजच्या लेखकांत गूढ आणि भय आवडत असेल, तर हृषीकेश गुप्ते यांचं ‘अंधारवारी’ किंवा ‘दंशकाल’ घ्या. मात्र रात्री एकटीने वाचू नका! शेरलॉक होम्स आणि अगाथा ख्रिस्तीही मराठी अनुवादात मिळतात. वाचनालयात पुस्तक नसेल तर मागणीच्या वहीत नाव लिहून या. चार-पाच जणींनी एकच नाव लिहिलं की ते लवकर येण्याची शक्यता वाढते.

आणि एक करा. पुढच्या बैठकीत त्यातली पहिली दहा पानं मोठ्याने वाचा आणि ऐन रंगात आलं की थांबा. पुस्तक वाचायला मागणारी पहिली बाई जर अर्ज सरकवणाऱ्यांपैकी असली, तर ते आधी तिलाच द्या. आपला नंबर नंतर.