धावत आलेला दादा

मित्रांनो, युरेनस ग्रह कोणी शोधला हे आपण शाळेत एका मार्कासाठी पाठ केलेलं असतं. विल्यम हर्शेल, १७८१. मार्क मिळाला, विषय संपला! पण या विल्यमला कॅरोलाईन नावाची एक धाकटी बहीण होती. तिने लिहून ठेवलेल्या आठवणींबद्दल वाचलं आणि तेव्हापासून मला त्या ग्रहापेक्षा हर्शेलांच्या घरातलं जेवणाचं टेबलच जास्त आठवतं.

कॅरोलाईनचा जन्म १६ मार्च १७५० चा, जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरातला. वडील आयझॅक लष्कराच्या बँडमध्ये वादक. घरात पोरं भरपूर आणि पैसा बेताचा. पोरीने चार अक्षरं शिकावीत असं वडिलांना वाटायचं. एका कडाक्याच्या थंडीच्या रात्री त्यांनी तिला रस्त्यावर नेऊन नक्षत्रं आणि एक धूमकेतू दाखवला होता. आईचं मत एकदम उलटं. मुलगी घरकामाला हवी, बस्स. थोरला भाऊ याकोब तर जेवण वाढताना तिचा हात चुकला की तिला मारायचा.

१७५६ साली वडील आणि भाऊ पलटणीबरोबर इंग्लंडला गेले होते. ते परत येणार त्या दिवशी आई स्वयंपाकात गुंतलेली, म्हणून सहा वर्षांची कॅरोलाईन एकटीच त्यांना आणायला परेडच्या मैदानावर गेली. तिथे ओळखीचं कोणीच दिसेना. शोधून शोधून, थंडीने काकडून ती घरी आली तर सगळे आधीच जेवायला बसलेले! तिच्याकडे कोणाचं लक्ष नाही. एकटा विल्यम हातातला सुरी-काटा टाकून उठला, धावत आला आणि तिच्यासमोर खाली वाकून बसला. पोरगी सगळं दुःख विसरली.

घटना एवढीच. फार तर अर्ध्या मिनिटाची. विल्यमला ती नंतर आठवली तरी असेल का, कोण जाणे. पण कॅरोलाईनने म्हातारपणी आठवणी लिहिल्या तेव्हा त्यात हा सुरी-काटासुद्धा आला.

पुढच्याच वर्षी, १७५७ मध्ये, युद्धाच्या धामधुमीत विल्यम इंग्लंडला निघून गेला. इकडे कॅरोलाईनला लहानपणीच टायफस झाला आणि तिची उंची ४ फूट ३ इंचावरच थांबली. हिचं लग्न काही होणार नाही असं घरच्यांनी धरूनच टाकलं. म्हणजे जन्मभर चूल आणि धुणी! १७७२ साली विल्यम तिला न्यायला आला. आई सोडेना, तेव्हा मोलकरीण ठेवायला दरवर्षी पैसे देण्याचं कबूल करून त्याने तिला इंग्लंडमधल्या बाथ गावी नेलं. दादा दुसऱ्यांदा धावून आला.

तिथे ती गाणं शिकली, मैफलींत गाऊ लागली. बाहेरगावाहून बोलावणं आलं, पण दादाच्या कार्यक्रमाशिवाय गायचं नाही म्हणून तिने ते नाकारलं. मग विल्यमला दुर्बिणींचं वेड लागलं आणि घराचं वर्कशॉप झालं. तांबं आणि कथील यांच्या मिश्रधातूचे आरसे घरीच ओतायचे. त्यांच्या साच्यासाठी घोड्याची लीद कुटून चाळायची. हे काम कॅरोलाईननेही केलं. (आपल्या वर्कशॉपबद्दल कुरकुर करणाऱ्यांनी नोंद घ्यावी!) एकदा आरसा घासताना विल्यमला सलग १६ तास हात उचलता आला नाही, तेव्हा तिने त्याला घास भरवले. पाढे तिला आयुष्यभर पाठ झाले नाहीत. ती ते कागदावर लिहून जवळ बाळगायची आणि तरीही रात्रीच्या निरीक्षणांची सगळी आकडेमोड दिवसा तीच करायची.

३१ डिसेंबर १७८३ च्या रात्री बर्फात दुर्बिणीकडे धावताना तिच्या मांडीत लोखंडी हूक घुसला. मांस तुटलं. तिला समाधान कशाचं, तर पुढे आकाश ढगाळ राहिलं, म्हणून दादाचं काम बुडालं नाही!

आता खरा प्रश्न. अर्ध्या मिनिटाच्या मायेची ही केवढी मोठी फेड! आमच्या विंगमध्ये यावर वाद झाला. काहींच्या मते विल्यमने बहिणीला फुकटात राबवलं, तिचं गाणं संपवलं. मला ते खोटं वाटत नाही. ती स्वतःला भावाच्या हातातलं अवजारच समजायची. १७८८ साली विल्यमने लग्न केलं आणि तिच्या हातातलं घर गेलं. त्यानंतरच्या सुमारे दहा वर्षांच्या डायऱ्या तिने पुढे नष्ट केल्या. त्यात काय असेल याचा अंदाज आपण करू शकतो.

पण दुसरी बाजूही आहे. १ ऑगस्ट १७८६ ला विल्यम जर्मनीत असताना तिने एकटीने एक धूमकेतू शोधला. तिच्या नावावर असे ८ धूमकेतू आहेत. १७८७ पासून राजाने तिला वर्षाला ५० पौंड पगार सुरू केला. हाताशी धरून आणलेली बहीण आता स्वतःच्या पायावर उभी होती. १८२२ मध्ये विल्यम वारला आणि ती हॅनोव्हरला परतली. तिथे तिने भाच्यासाठी, म्हणजे विल्यमच्या मुलासाठी, सुमारे २५०० तेजोमेघांची यादी केली. त्याबद्दल १८२८ साली लंडनच्या खगोल संस्थेने तिला सुवर्णपदक दिलं.

९ जानेवारी १८४८ ला, ९७ व्या वर्षी ती गेली. तिच्या इच्छेप्रमाणे शवपेटीत तिच्यासोबत विल्यमच्या केसांची एक बट ठेवली होती.

मित्रांनो, आपल्यातले बरेच जण घरी कोणाचे तरी दादा किंवा ताई आहेत. सुट्टीत आपण घरी पोचतो, बॅग फेकतो आणि थेट ताटावर बसतो, कारण मेसचं खाऊन जीव विटलेला असतो. तेवढ्यात दारात कोणी धाकटं येऊन उभं राहतं. त्याच्या मनात पुढे नव्वद वर्षं काय राहील, हे आपल्याला कळणार नाही. पण ताटावरून उठायला अर्धं मिनिट पुरतं.