गुणसूत्रांचा शेजार ओळखणारा शास्त्रज्ञ

पेशीकेंद्रकातील गुणसूत्रे विस्कटलेल्या धाग्यांसारखी पसरलेली नसतात, प्रत्येकाची जागा ठरलेली असते, हा विचार मांडणारे जर्मन जीवशास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांचा जन्म १२ ऑक्टोबर १८६२ रोजी बाम्बर्ग येथे झाला. 'ब्राऊन बोव्हेरी' या विद्युत कंपनीचे एक संस्थापक वॉल्टर हे त्यांचे धाकटे बंधू. इतिहास व तत्त्वज्ञानाचा अभ्यास सोडून थिओडोर निसर्गविज्ञानाकडे वळले. १८९३ मध्ये ते वुर्झबर्ग विद्यापीठात प्राध्यापक झाले व अखेरपर्यंत तेथेच राहिले.

सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्यात दोन शुक्रपेशी शिरल्या, की गुणसूत्रांची वाटणी विषम होते आणि भ्रूण विकृत होतो, असे त्यांना आढळले. त्यावरून प्रत्येक गुणसूत्राचे कार्य वेगळे असते, असा निष्कर्ष त्यांनी १९०२ मध्ये काढला. घोड्याच्या आतड्यातील जंताच्या पेशी तपासून १९०९ मध्ये त्यांनी गुणसूत्रांच्या स्वतंत्र प्रदेशांची कल्पना मांडली. १९१४ च्या ग्रंथात तर कर्करोगाचे मूळ एकाच पेशीतील गुणसूत्रांच्या बिघाडात असावे, असे त्यांनी प्रतिपादन केले. पुराव्याची साधने मात्र त्या काळी नव्हती. ढासळत्या प्रकृतीमुळे बर्लिनमधील नव्या संस्थेचे संचालकपद नाकारणाऱ्या बोव्हेरींचे १५ ऑक्टोबर १९१५ रोजी, अवघ्या ५३ व्या वर्षी निधन झाले. त्यांच्या जीवशास्त्रज्ञ पत्नी मार्सेला यांनी केलेला या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९६० मध्ये एका रक्तकर्करोगाच्या रुग्णांत आखूड झालेले गुणसूत्र सापडले. तेथे ९ व २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे बदलले आहेत, हे जॅनेट रोली यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले. हीच जोडी का? बोव्हेरींच्या प्रदेशांना १९८० च्या दशकात प्रयोगांचा आधार मिळाला आणि उत्तराचा एक धागा हाती आला. रक्त निर्माण करणाऱ्या पेशींत या दोन गुणसूत्रांचे संबंधित भाग बरेचदा जवळजवळ असतात. दोन्ही एकाच वेळी तुटली, तर दुरुस्तीच्या वेळी शेजाऱ्याचे टोक चुकून जोडले जाण्याचा संभव वाढतो. अर्थात शेजार हे एकमेव कारण नव्हे. काही जागा मुळातच ठिसूळ असतात, आणि ज्या अदलाबदलीने पेशीची वाढ बेलगाम होते, तीच रोगाच्या रूपाने नजरेस येते.

या अदलाबदलीतून तयार होणाऱ्या घातक प्रथिनाला रोखणारे इमॅटिनिब हे औषध २००१ मध्ये अमेरिकेत मान्य झाले आणि एकेकाळी प्राणघातक असलेला हा आजार अनेकांसाठी आटोक्यात आला. जंताच्या पेशींपासून सुरू झालेली विचारांची ही वाट रुग्णाच्या उशापर्यंत पोहोचली. ते पाहण्यास बोव्हेरी मात्र नव्हते.