सुरश्री केसरबाई केरकर : सूर्यमालेपलीकडची भैरवी

गोव्याच्या फोंडा तालुक्यातील केरी या छोट्याशा गावी १३ जुलै १८९२ रोजी केसरबाईंचा जन्म झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीज सत्तेखाली होता. देवळातील उत्सवांत गायन-वादनाची सेवा करणाऱ्या कलावंत समाजात त्या जन्मल्या. या समाजातील मुलींच्या कानावर सूर लवकर पडत. मात्र त्या सुरांना मान मिळे आणि गाणारणीला तो क्वचितच मिळे. केसरबाईंचे पुढील सारे आयुष्य ही विसंगती मोडून काढण्यात गेले, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

त्यांच्या विद्यार्थिदशेची कथा आजच्या पालकांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. वयाच्या आठव्या वर्षी त्या कोल्हापुरास गेल्या आणि अब्दुल करीम खाँ यांच्याकडे शिकू लागल्या. पण हे शिक्षण जेमतेम आठ महिने चालले. गोव्यात परतल्यावर रामकृष्णबुवा वझे यांची तालीम मिळाली, तीही बुवांचा मुक्काम तिकडे असेल तेवढीच. सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्या मुंबईस आल्या. तेथे सतारवादक बरकतुल्ला खाँ आणि भास्करबुवा बखले यांच्याकडे धडे झाले, परंतु तेही खंडित. थोर गुरू लाभले आणि प्रत्येकाचा हात मध्येच सुटला. दुसरी एखादी विद्यार्थिनी जेवढे आले तेवढ्यावर समाधान मानून मैफली करू लागली असती.

केसरबाईंनी १९२१ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, पुन्हा पहिल्यापासून शिकायचे ठरवले. जयपूर घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ यांचे शिष्यत्व त्यांनी पत्करले. खाँसाहेबांची तालीम कठोर होती. आधीचे वळण गळ्यातून काढून टाकायचे, मोकळा आकार घोटायचा, एकेका स्वरवाक्याची शेकडो आवर्तने करायची, असा हा क्रम वर्षानुवर्षे चालला. लयीशी गुंफलेल्या तानांची वळणे आणि अनवट रागांचे भांडार ही या घराण्याची ओळख. ती केसरबाईंच्या भरदार, तिन्ही सप्तकांत सारख्याच तेजाने फिरणाऱ्या आवाजात पूर्णत्वाने उतरली. १९४६ मध्ये खाँसाहेब निवर्तले, तेव्हा त्यांच्या गायकीचा मोठा वारसा या शिष्येकडे होता.

कीर्तीही तशीच आली. १९४८ मध्ये कोलकात्यात त्यांना सुरश्री ही पदवी अर्पण झाली. १९५३ मध्ये दिल्लीच्या संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९६९ मध्ये पद्मभूषण आणि त्याच वर्षी महाराष्ट्राच्या राज्यगायिकेचा मान लाभला. मैफलीत त्यांचा दरारा असे. श्रोत्यांनी नीट बसावे, नीट ऐकावे, बिदागी गाण्याच्या तोलाची असावी, याबाबत त्या तडजोड करीत नसत. ज्या व्यवसायात स्त्रीला अपमान सहज गिळावा लागे, तेथे हा ताठा त्यांचे कवच होता.

मात्र या कवचाला दुसरी बाजूही होती. इतक्या कष्टाने मिळवलेली विद्या वाटून टाकायला त्या राजी नव्हत्या. नभोवाणीपासून त्या दूर राहिल्या. शिष्य करण्याच्या बाबतीतही त्यांचा हात आखडताच होता. धोंडूताई कुलकर्णी यांना उत्तरायुष्यात त्यांनी दिलेली तालीम हा मोठा अपवाद. त्या काळच्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटे मावत. तासभर फुलणारा राग तेवढ्यात बसवणे म्हणजे घागरीत नदी भरणे होय. तरीही ललत, मालकंस, नटकामोद, ललिता गौरी, भैरवी अशा काही रागांच्या मुद्रिका त्यांनी दिल्या. गळा पूर्वीसारखी साथ देत नाही असे जाणवताच, १९६० नंतरच्या दशकात, त्यांनी जाहीर गाणे थांबवले. मैफली हवेत विरून गेल्या आणि मागे राहिल्या त्या एवढ्याशा तबकड्या.

यांपैकीच एका तबकडीला विलक्षण भाग्य लाभले. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात पाठवली. कधी काळी परग्रहावरील कोणाच्या हाती लागलीच, तर पृथ्वीची ओळख पटावी म्हणून प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची ध्वनिमुद्रिका बसवली. सोबत सुईही ठेवली आणि तबकडी कशी वाजवावी याच्या आकृत्या कोरल्या. शास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या समितीने संगीताच्या २७ रचना निवडल्या. त्यांत बाख, मोत्सार्ट, बीथोव्हेन होते, जावाचे गामेलान होते आणि चक बेरी यांचे रॉक अँड रोलही होते. या शेवटच्या निवडीला पोरकटपणाचा आक्षेप घेतला गेला. पण पृथ्वीवर पोरसवदा माणसेही पुष्कळ राहतात, हा विचार अखेर मान्य झाला.

भारतातून कोणाला पाठवायचे, याचे उत्तर संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी दिले. त्यांनी केसरबाईंची भैरवी सुचवली. ही मुद्रिका तेव्हा बाजारात मिळेनाशी झाली होती. शोधता शोधता न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात ती सापडली. साडेतीन मिनिटांची ती भैरवी, चिनी तंतुवाद्याच्या एका प्राचीन रचनेनंतर, अवकाशातील त्या मैफलीच्या अखेरच्या टप्प्यात विराजमान झाली. आपल्याकडे तर मैफलीची सांगताच भैरवीने होते. पृथ्वीवरील ५५ भाषांतील अभिवादनेही त्या तबकडीवर आहेत आणि त्यांत मराठी आहे.

पहिले व्हॉयेजर ५ सप्टेंबर १९७७ रोजी झेपावले. त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबरला, केसरबाईंनी जगाचा निरोप घेतला. ते यान २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले आणि आज पृथ्वीपासून २४०० कोटी किलोमीटरांहून अधिक अंतरावर आहे. आपला सूर मोजक्या कानांसाठीच राखणाऱ्या गायिकेचा आवाज एवढा दूर जावा, हे नवलच म्हणायचे.

द्वारकेच्या मराठी घरांत आज आजीचे नाट्यसंगीत, वडिलांचे जुने रॉक आणि मुलांची आवडती गाणी एकाच भ्रमणध्वनीत सुखाने नांदतात. आवडलेले गाणे दुसऱ्याला पाठवायला बोटाचा एक स्पर्श पुरतो. केसरबाईंच्या त्या मुद्रिकाही आता घरबसल्या ऐकता येतात. साडेतीन मिनिटांची ती भैरवी पालकांनी मुलांसमवेत एकदा तरी शांत बसून ऐकावी आणि त्या मिनिटांमागे किती वर्षांची तालीम उभी आहे, हेही त्यांना सांगावे. केरी गावात आज सुरश्री केसरबाई केरकर यांच्या नावाने एक हायस्कूल उभे आहे. जिला अनेक गुरूंच्या दारी जाऊन पुन्हा पुन्हा मुळाक्षरे गिरवावी लागली, तिचे नाव एका शाळेने धारण करावे, याहून समर्पक स्मारक कोणते असेल?