जन्माचे काम आणि शिकलेले काम

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. घटनेचे शिल्पकार म्हणून ते सर्वांस वंदनीय आहेत. तंत्रशिक्षणासाठी त्यांनी केलेले कार्य मात्र क्वचितच सांगितले जाते.

फेब्रुवारी १९४१ मध्ये आपल्या जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली. तीस बाबासाहेब उपस्थित होते. वतन म्हणजे जन्माने माथी आलेले गावकाम. ते सोडावे, तर पोट कशावर भरावे, हा प्रश्न घरोघरी होता.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. युद्धासाठी तंत्रज्ञ घडविणारी प्रशिक्षण योजना याच खात्याकडे होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये व्हाइसरॉयांना दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रविद्येच्या उच्च शिक्षणाची सोय मागितली. तसेच सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीच्या जागाही मागितल्या. पदवी आणि कसब या दोन्ही वाटा त्यांनी एकाच निवेदनात खुल्या करू पाहिल्या.

१९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली. १९५० साली तिच्या औरंगाबाद येथील महाविद्यालयाने मराठवाड्यातील खेड्यापाड्यांच्या मुलांना उच्च शिक्षणाचे दार उघडले. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

दहावीनंतर आयटीआयला जाणारा मुलगा वा मुलगी मागे पडली, असे आजही काही घरांत मानले जाते. जन्माने लादलेले काम आणि शिकून कमावलेले कसब यांतील अंतर बाबासाहेबांनी ओळखले होते. ते पालकांनीही ओळखावे.